जगज्जेत्या मुली आणि रिकामे वेळापत्रक
महिला खो-खोचा दर्जा उंचावला, पण खेळाला स्थान कधी मिळणार?

डिसेंबर २०२४पासून बीड जिल्ह्यातील केज तालुक्याचे नाव राज्यभर गाजत होते, ते मस्साजोगच्या सरपंचांच्या निर्घृण हत्येमुळे. त्याच तालुक्याचे नाव १९ जानेवारी २०२५ रोजी अगदी वेगळ्या कारणाने घेतले गेले. दिल्लीच्या इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियममध्ये भारतीय महिला संघाने पहिल्यावहिल्या खो-खो विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले. या संघाची कर्णधार होती प्रियांका इंगळे. तिची जडणघडण पिंपरी-चिंचवडमध्ये झाली असली, तरी तिच्या कुटुंबाचे मूळ केज तालुक्यात आहे. बीडकरांनी तिला 'आपली लेक' म्हणून डोक्यावर घेतले, ते स्वाभाविकच होते. पाटोद्याचा कुस्तीपटू राहुल आवारे आणि आष्टी तालुक्यातील मांडव्याचा स्टीपलचेस धावपटू अविनाश साबळे यांच्यामुळे जिल्ह्याला आंतरराष्ट्रीय यशाची चव ठाऊक होती. मात्र सांघिक खेळातील जगज्जेतेपदाशी एका मुलीच्या नेतृत्वामुळे जिल्ह्याचे नाव जोडले जाण्याचा योग नवाच होता.

मिरवणुका संपल्यावर मात्र काही प्रश्न उरतात. महिला खो-खोचा दर्जा नेमका किती आहे? त्या दर्जाला साजेसे स्थान या खेळाला मिळाले आहे काय? आणि ज्या जिल्ह्याने या यशाचा अभिमान बाळगला, तेथे शाळेच्या मैदानावर खो देणाऱ्या मुलीसाठी या विश्वचषकाने काय बदलले? यातील पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. खेळाचा दर्जा आधी वाढतो आणि मग त्याला मान मिळतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. महिलांच्या खेळांचा इतिहास तपासला, तर हा क्रम बहुतेक वेळा उलटा असल्याचे दिसते.

मातीतून मॅटवर

खो-खोच्या नियमांना सुसूत्र रूप देण्याचे काम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने केले. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला झाली, आणि पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या स्पर्धेत महिलांचा गट सुरू झाला. म्हणजे राष्ट्रीय पातळीवर या खेळात स्त्रिया पुरुषांच्या मागोमाग, अवघ्या एका वर्षाच्या अंतराने आल्या. अन्य अनेक सांघिक खेळांत त्यांना कितीतरी दशके ताटकळावे लागले. त्यादृष्टीने खो-खो अधिक उदार ठरला. यामागे एक व्यावहारिक कारणही असावे. या खेळाला दोन खांब, थोडी सपाट जागा आणि चुन्याच्या रेषा एवढेच लागते. ना चेंडू, ना बूट, ना महागडे साहित्य. जिल्हा परिषदेच्या शाळेला आणि तेथे शिकणाऱ्या मुलींच्या पालकांनाही तो परवडतो.

पारंपरिक खेळात आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून चौकोनांत बसतात आणि नववा आक्रमण करतो. संरक्षण करणारे तिघा-तिघांच्या तुकडीने मैदानात उतरतात. विश्वचषकातील खेळ मॅटवर आणि बंदिस्त सभागृहात झाला. सात-सात मिनिटांच्या चार सत्रांत गडी बाद केल्याचे गुण मिळत गेले. एखादी तुकडी ठरावीक वेळेपेक्षा अधिक काळ टिकली, तर तिच्या संघालाही गुण देण्याची सोय होती. त्यालाच 'ड्रीम रन' म्हणतात. केवळ पाठलागाला गुण आणि पळतीला नुसते कौतुक, ही जुनी विषमता या नियमामुळे काहीशी कमी झाली.

खो-खोचा दर्जा ओळखण्याच्या खुणा प्रेक्षकाला चटकन दिसत नाहीत. हूल देऊन दिशा बदलणे, एकेरी किंवा दुहेरी साखळीत पळत आक्रमकाला दमवणे, खांबाजवळ अखेरच्या क्षणी अंग चोरणे, सूर मारून गडी टिपणे आणि नेमक्या वेळी खो देणे, या त्या खुणा. आक्रमकाला बसलेल्या गड्यांच्या मधून आरपार जाता येत नाही व एकदा धरलेली दिशा बदलता येत नाही. त्यामुळे निव्वळ वेगापेक्षा अंदाज आणि समन्वय यांना अधिक मोल येते. महिलांच्या खेळाची तुलना पुरुषांच्या वेगाशी करून त्याला दुय्यम ठरवण्याची सवय खो-खोत फारशी उपयोगी पडत नाही, ती यामुळेच. संरक्षणातील हुशारी किती मिनिटे टिकली, हे घड्याळच सांगते.

गुणफलकाचे दोन अर्थ

विश्वचषकाचा गुणफलक मात्र जपून वाचावा लागतो. भारतीय महिलांनी दक्षिण कोरियाला १७५-१८, इराणला १००-१६ आणि मलेशियाला १००-२० असे हरवले. उपांत्यपूर्व फेरीत बांगलादेशविरुद्ध १०९-१६ आणि उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ६६-१६ असा विजय मिळाला. स्पर्धेत महिलांचे १९ संघ होते. त्यात इंग्लंड, जर्मनी, नेदरलँड्स, पोलंड, पेरू, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, केनिया आणि युगांडाही होते. यादी भारदस्त असली, तरी १७५-१८ हा निकाल भारताच्या ताकदीइतकाच प्रतिस्पर्ध्याच्या नवखेपणाविषयीही सांगतो.

खरी परीक्षा नेपाळविरुद्ध झाली. पहिल्या सत्रात भारताने ३४ गुण मिळवले, पण दुसऱ्या सत्रात नेपाळने २४ गुणांची कमाई केली आणि मध्यंतराला भारताची आघाडी ३५-२४ अशी ११ गुणांवर आली. दक्षिण कोरियाला अख्ख्या सामन्यात जेवढे गुण मिळाले, त्याहून अधिक नेपाळने एका सत्रात मिळवले होते. तिसऱ्या सत्रात भारतीय आक्रमणाने सामना हिसकावून घेतला. अखेरच्या सत्रात चैत्रा बी. हिच्या तुकडीने पाच मिनिटांहून अधिक काळ पळती करून पाच गुण जोडले. स्पर्धेतील सर्वोत्तम आक्रमक भारताची अंशु कुमारी ठरली, तर सर्वोत्तम संरक्षक नेपाळची मनमती धामी. भारतीय खेळाडूंची तडफ, शिस्त आणि डावपेच सर्वाधिक उठून दिसले ते याच सामन्यात. समोर तोलामोलाचे कोणी असले, तरच दर्जा डोळ्यांना दिसतो आणि वाढतोही.

या संघातील १५ खेळाडू अनेक राज्यांतून आल्या होत्या. महाराष्ट्राच्या प्रियांका, अश्विनी शिंदे, रेश्मा राठोड यांच्याबरोबर कर्नाटकची चैत्रा, ओडिशाच्या मगई माझी व शुभश्री सिंग, दिल्लीची नसरीन शेख आणि जम्मू-काश्मीरची नाझिया बीबी अशी ही मोट होती. खो-खो म्हणजे महाराष्ट्राची मक्तेदारी, हा समज आता मागे पडायला हवा. देशांतर्गत स्पर्धेत महाराष्ट्राच्या महिलांना ओडिशा, कर्नाटक आणि विमानतळ प्राधिकरण यांच्याकडून कडवी झुंज मिळते. महिला खो-खोचा खरा दर्जा याच सामन्यांत घडतो. अडचण इतकीच, की ते सामने बहुतेक प्रेक्षकांपर्यंत पोहोचतच नाहीत.

इंग्लंडच्या फुटबॉलचा धडा

दर्जा आणि स्थान यांचे नाते समजून घेण्यासाठी महिला फुटबॉलचे इंग्लंडमधील उदाहरण बोलके आहे. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या मुलींनी तेथे संघ उभारले. प्रेस्टनचा 'डिक, कर लेडीज' हा त्यातील सर्वांत नामवंत. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर या संघाचा सामना पाहायला सुमारे ५३ हजार प्रेक्षक आले होते. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९२१ मध्ये, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने हा खेळ स्त्रियांसाठी अयोग्य असल्याचे जाहीर करून संलग्न क्लबांची मैदाने त्यांना बंद केली. ही बंदी जवळपास ५० वर्षे टिकली. ती उठल्यानंतर इंग्लंडच्या महिलांनी पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना खेळला, तो १९७२ साली.

या अर्धशतकात इंग्लंडच्या मुलींचे पाय दुबळे झाले नव्हते. त्यांच्याकडे मैदान, प्रशिक्षक आणि सामने नव्हते. मग खेळ खुरटला, आणि खुरटलेल्या खेळाकडे बोट दाखवून 'महिला फुटबॉलला दर्जाच नाही' असे म्हणणे सोपे झाले. बंदी उठल्यानंतरही चित्र लगेच पालटले नाही. २००९ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम सामन्यात जर्मनीने इंग्लंडला ६-२ असे धुऊन काढले. त्यानंतर २०११ मध्ये 'विमेन्स सुपर लीग' सुरू झाली आणि २०१८ मध्ये तिचे सर्व क्लब पूर्ण वेळ व्यावसायिक झाले. २०२२ साली वेम्बलीवर ८७ हजार १९२ प्रेक्षकांसमोर त्याच जर्मनीला २-१ असे नमवून इंग्लंडने युरोपीय विजेतेपद मिळवले. २०२३ च्या विश्वचषकात हा संघ अंतिम फेरीत स्पेनकडून हरला, आणि २०२५ मध्ये बासेल येथे त्याच स्पेनला पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवून त्याने युरोपीय विजेतेपद राखले.

इंग्लंडमध्येही सारे आलबेल नाही. २०२५ पर्यंत चेल्सीने सलग सहा वेळा लीग जिंकली, त्यामुळे श्रीमंत क्लब आणि इतर यांच्यातील दरी हा तेथे चिंतेचा विषय आहे. तरीही ६-२ च्या पराभवापासून २-१ च्या विजयापर्यंतच्या १३ वर्षांत बदललेली मुख्य गोष्ट कोणती, तर खेळाडूंना दर आठवड्याला मिळणारा सामना आणि महिनाअखेर मिळणारा पगार. स्थान आधी दिले गेले. दर्जा त्याच्या मागून आला.

आपल्याकडे क्रिकेटनेही हेच दाखवले. ऑक्टोबर २०२२ मध्ये महिला व पुरुष क्रिकेटपटूंचे सामना मानधन समान करण्यात आले, २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीग सुरू झाली आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला हरवून एकदिवसीय विश्वचषक जिंकला. लीगमुळेच विश्वचषक मिळाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. या संघाने २०१७ मध्येही अंतिम फेरी गाठली होती. मात्र दडपणाखाली खेळण्याची सवय सामन्यांतूनच लागते, हे कोणी नाकारणार नाही.

कोटींचे बक्षीस, पण लीग नाही

खो-खोचे घोडे अडले आहे ते येथेच. 'अल्टिमेट खो-खो' या व्यावसायिक लीगचा पहिला हंगाम २०२२ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत आणि दुसरा डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात कटकमध्ये झाला. दोन्ही हंगामांत सहा संघ होते, दूरचित्रवाणीवर प्रक्षेपण होते, खेळाडूंना करार होते. हे सारे पुरुषांसाठी होते. महिला विश्वचषकात उतरल्या, त्या अशा लीगचा एकही सामना न खेळता. कबड्डीचा अनुभव वेगळा नाही. पुरुषांची प्रो कबड्डी २०१४ पासून चालू आहे. महिलांसाठी २०१६ मध्ये तीन संघांची 'विमेन्स कबड्डी चॅलेंज' झाली, ती तेवढ्यावरच थांबली. तरीही भारतीय महिलांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाका येथे कबड्डीचा विश्वचषक जिंकला. लीग नसताना त्या जिंकतात, मग लीगची गरज काय, असा युक्तिवाद यावर कोणी करील. प्रतिस्पर्धी देशांनी खेळ गांभीर्याने घेतला, की या युक्तिवादाची किंमत कळेल. नेपाळने ती एका सत्रात दाखवलीच आहे.

लीग नाही, पण बक्षिसे आहेत. विश्वचषकानंतर महाराष्ट्र सरकारने राज्यातील विजेत्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये आणि सरकारी नोकरी जाहीर केली. कर्नाटकने आपल्या दोन खेळाडूंना, चैत्रा बी. आणि पुरुष संघातील गौतम एम. के. यांना, पाच लाख रुपये देऊ केले. महाराष्ट्राचे उदाहरण देत दोघांनीही ते नाकारले. एकाच संघातून खेळून, एकच चषक उंचावून आलेल्या खेळाडूंच्या पराक्रमाचे मोल राज्याच्या सीमेनुसार असे बदलते. महाराष्ट्राची उदारता निर्विवाद कौतुकास्पद आहे. तथापि बक्षीस हे शिखरावर पोहोचलेल्या मूठभरांसाठी असते. पायथ्याशी असलेल्या शेकडो मुलींसाठी लागते ती व्यवस्था. नोकरीतील पाच टक्के खेळाडू आरक्षण आणि परीक्षेतील वाढीव गुण हे या खेळाचे आजचे मुख्य आकर्षण आहे. त्यात गैर काही नाही. गरीब घरातील मुलीला खेळू देण्यास पालक तयार होतात, ते बऱ्याचदा या आशेवरच. पण नोकरी मिळाली की उद्दिष्ट संपले, अशी खेळाची रचना असेल, तर ऐन उमेदीत मैदान सुटण्याचा धोका कायम राहतो.

पुरस्कारांची कहाणीही बोलकी आहे. खो-खोसाठी १९९८ चा अर्जुन पुरस्कार शोभा नारायण यांना मिळाला. त्यानंतरचा पुरस्कार थेट २०२० साली सारिका काळे हिच्या वाट्याला आला. मधली २२ वर्षे या खेळात गौरवण्याजोगे कोणी नव्हते, असे मानायला जागा नाही.

बीडच्या मुलीचे वेळापत्रक

सारिका बीडला लागून असलेल्या धाराशिव जिल्ह्याची. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत गुवाहाटी येथे सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाची ती कर्णधार होती. एकेकाळी घरी दिवसाला एकच जेवण मिळत असे, हे तिने जाहीरपणे सांगितले आहे. अश्विनी शिंदेही धाराशिवचीच. तोच दुष्काळ, तीच कोरडवाहू शेती, तेच स्थलांतर. तरीही धाराशिवने महिला खो-खोपटूंची परंपरा उभी केली. बीडचे मूळ सांगणाऱ्या कर्णधाराला मात्र घडण्यासाठी पिंपरी-चिंचवडचे मैदान मिळावे लागले. हा बीडच्या गुणवत्तेचा दोष नव्हे. प्रश्न आहे तो मुलगी मैदानात किती वर्षे टिकते याचा.

या जिल्ह्यात हा प्रश्न जन्माआधीपासूनच सुरू होतो. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे अवघ्या ८०७ मुली होत्या. २००१ मध्ये ही संख्या ८९४ होती. पुढचा अडथळा लग्नाचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटातील ४३.७ टक्के स्त्रियांचे लग्न १८ वर्षांच्या आत झाले होते. राज्याची सरासरी २१.९ टक्के होती. खो-खोपटू पक्व होते ती साधारण १७ ते २५ या वयात. म्हणजे जिल्ह्यातील जवळपास निम्म्या मुलींची कारकीर्द, ती सुरू होण्याच्या वयातच, मांडवात संपते.

तिसरी अडचण क्रीडा क्षेत्राच्या फारशी ध्यानात आलेली नाही. शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी होतात, आणि त्यांचा भर पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून हिवाळ्यापर्यंत असतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांचे जथे पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची, तर दोघांनाही जावेच लागते. मुलगी एक तर फडावर जाते, नाही तर धाकट्या भावंडांना सांभाळत आजी-आजोबांकडे राहते. तालुक्याच्या संघात निवड झालेली मुलगी जिल्हा स्पर्धेच्या दिवशी उसाच्या फडात असू शकते. वयात आलेल्या मुलीला मागे ठेवण्याची भीती हे तर लवकर लग्न उरकण्याचे एक प्रमुख कारण आहे.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली. ४१ तालुक्यांत मुलांसाठी आणि मुलींसाठी एकेक, अशी ८२ वसतिगृहे तिच्यात योजली होती. ही योजना शिक्षण खात्याच्या चौकटीतून पाहिली जाते. खेळाच्या दृष्टीनेही ती तितकीच मोलाची आहे. वसतिगृहात राहणारी मुलगी हंगामभर सरावाला येऊ शकते. अशा प्रत्येक वसतिगृहाला एक आखलेले मैदान, दोन खांब आणि संध्याकाळी दोन तास येणारी प्रशिक्षक मिळाली, तर त्याचा खर्च एका बक्षिसाच्या रकमेपुढे किरकोळ ठरेल. मॅटचा प्रश्न त्यानंतरचा. मातीवर गुडघे सोलून शिकलेल्या मुलीला राज्य स्पर्धेत पहिल्यांदा मॅटवर पाऊल ठेवावे लागणे ही गैरसोय खरी आहे. पण जिल्ह्याला एक मॅट आणि ती अंथरण्यापुरते सभागृह मिळाले, तर ती दूर होते.

चषकानंतरचे काम

महिला खो-खोच्या दर्जाविषयी शंका घेण्याचे दिवस आता संपले आहेत. भारतीय संघ जगात अव्वल आहे आणि नेपाळसारखा प्रतिस्पर्धी त्याला जागे ठेवतो आहे. उणीव आहे ती वेळापत्रकाची. महिलांची लीग, तिचे नियमित प्रक्षेपण आणि प्रतिस्पर्धी देशांबरोबर दरवर्षी होणाऱ्या मालिका ही खो-खो महासंघाने उचलायची जबाबदारी आहे. जिल्हा पातळीवर शालेय स्पर्धांचे महिने आणि ऊसतोडीचा हंगाम यांची सांगड घालणे, निदान बीडसारख्या जिल्ह्यांत कारखाने सुरू होण्याआधी जिल्हा व विभागाचे सामने उरकणे, यासाठी तर पैशांचीही गरज नाही. क्रीडा कार्यालय आणि शाळा यांनी एकत्र बसून दिनदर्शिका पाहिली, तरी पुरे.

इंग्लंडला आपल्या मुलींना मैदान परत द्यायला ५० वर्षे लागली आणि गमावलेला दर्जा मिळवायला आणखी जवळपास तेवढीच. खो-खोत स्त्रियांना मैदान कोणी नाकारलेले नाही. येथे ते फक्त वर्षातले बरेच महिने रिकामे राहते. केज तालुक्याशी नाते सांगणारी एक कर्णधार जगज्जेती झाली. पुढची कर्णधार केजमध्येच राहून, शिकून आणि खेळून घडली, तर या विश्वचषकाचा बीडला खऱ्या अर्थाने उपयोग झाला असे म्हणता येईल.